निलगिरीने थांबवलेली राजधानी

इथिओपियाच्या राजधान्या पूर्वी एका जागी राहत नसत. राजा जिथे तंबू ठोकेल ती राजधानी. मधोमध उंचवट्यावर राजाचा तंबू. मग राणीचा, धर्मगुरूंचा, सरदारांचा, प्रत्येकाची जागा ठरलेली. त्यापलीकडे सैन्य, सैनिकांची बायकापोरं, स्वयंपाकिणी, लोहार, मधाची दारू करणाऱ्या बायका, खेचरं, गाढवं आणि सगळ्यांत शेवटी हौशे-नवशे-गवशे. हजारो माणसांचा हा पसारा एखाद्या डोंगरावर उतरला की आजूबाजूचं रान चुलीत जायचं, पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या आणि काही वर्षांत राजाला पुढचा डोंगर गाठावा लागायचा. शत्रूने हुसकावलं म्हणून राजधानी हलली, असं तर व्हायचंच. पण सरपण संपलं म्हणून हलली, असंही सर्रास व्हायचं.

याला अपवाद होते. अक्सुम होतं, लालिबेला होतं. १६३६ साली फासिलिदेस राजाने गोंदरला दगडी वाडे बांधले आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं राजधानी तिथे टिकली. मग सरदार शिरजोर झाले, राजा नावापुरता उरला आणि गोंदरचं तेज गेलं. एकोणिसाव्या शतकात तेवोद्रोसने देब्रे ताबोरला आणि मग मग्दालाच्या कड्यावर बस्तान बसवलं, त्याच्यानंतर योहान्नेसने मेकेले निवडलं. म्हणजे पुन्हा ज्याचा राजा त्याची टेकडी.

अदिस अबाबा ही या परंपरेतली शेवटची छावणी. ती हलली नाही, एवढाच तिच्यात आणि आधीच्या छावण्यांत फरक.

माझा भाचा तिथे एका आंतरराष्ट्रीय संस्थेत नोकरीला आहे. "मावशी, आयुष्यभर पोरांना इतिहास शिकवलास, आता निवृत्त झालीस तर इकडे ये. इथला इतिहास अजून चुलीवर आहे," असं तो फोनवर म्हणाला होता. वाक्य टाळी घ्यायला केलेलं होतं, त्याची सवयच आहे ती. पण गेले तेव्हा लक्षात आलं की तो अगदी शब्दशः खरं बोलला होता.

शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार तीनशे मीटरहून उंचावर आहे. पहिले एक-दोन दिवस दुसरा मजला चढला तरी धाप लागते. उत्तरेला एन्तोतोची डोंगररांग आहे, ती तीन हजार मीटरच्या वर जाते. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर आहे, त्यावरून काय तो अंदाज करावा. गाडी वळणं घेत वर जायला लागली आणि खिडकीतून वास आला तो सर्दीत छातीला चोळायच्या तेलाचा. दोन्ही बाजूंना निलगिरी. सरळसोट, सालं सोललेली, वाऱ्यावर हलणारी, डोंगरच्या डोंगर भरून. या भूमीतलं मूळचं झाड कोणतं असं विचारलं तर कुणीही याच झाडाकडे बोट दाखवेल, इतकी ती इथली झाली आहेत.

त्या झाडीतून बायका उतरत होत्या. आपल्याकडे मोळी डोक्यावर असते, इथे ती पाठीवर आडवी बांधलेली. फांद्यांच्या आणि पाल्याच्या त्या भाऱ्याची लांबी बाईच्या उंचीहून जास्त, त्यामुळे समोरून पाहिलं तर आधी रस्ताभर पसरलेला पाला दिसतो आणि त्याच्याखाली कमरेत वाकलेली बाई. दोरी दोन्ही खांद्यांवरून छातीवर आणून हाताने धरलेली. दोरी काचू नये म्हणून खाली फडक्याची घडी. पायात प्लास्टिकच्या चपला. गाडी आली की त्यांना बाजूला सरता येत नाही, वळावं लागतं, आणि वळताना भारा अर्ध्या रस्त्यावरून फिरतो. एक भारा तीस-पस्तीस किलोचा सहज असतो. फांद्या भाकरीखाली लागतात हे कळण्यासारखं होतं, पण पाला कशाला, असं मी विचारलं. गाडी चालवणारा तिशीतला मुलगा मला 'मदर' म्हणे. तो म्हणाला, "मदर, इंजेरा पाल्यावरच चांगली होते. पाला भसकन पेटतो, मितादला सगळीकडून सारखी आच लागते." इंजेरा म्हणजे इथली भाकरी आणि मिताद म्हणजे ती करायचा मातीचा मोठा तवा. वितभर नव्हे, चांगला हातभर रुंद. एका घरची इंजेरा भाजायला जे जळण लागतं ते गुणिले अख्खं शहर, असं गणित मी मनात केलं आणि पुढचा सगळा इतिहास मला त्या तव्याभोवती दिसायला लागला.

ज्याच्या काळात हे शहर वसलं तो मेनेलिक सुरुवातीला साऱ्या इथिओपियाचा सम्राट नव्हता, शेवा प्रांताचा राजा होता. त्याच्या वाडवडिलांची राजधानी पूर्वेला अंकोबरला होती. १८८० च्या दशकात तो एन्तोतोवर आला. इथे मध्ययुगातल्या एका राजाची नगरी होती अशी आख्यायिका होती, पडके अवशेषही सापडले. जुन्या राजाच्या जागेवर नवी गादी मांडली की वारसा आपोआप सांगता येतो, हे काही फक्त तिथेच चालतं असं नाही. शिवाय जागा लढाईच्या दृष्टीने उत्तम. वरून चहूकडचा मुलूख दिसतो. पण राहायला वाईट. थंडी कडाक्याची, वारा अंगावर येणारा, पाणी खालून चढवायचं आणि लाकूडफाटा बघता बघता संपलेला. मेनेलिकचा तिथला वाडा अजून आहे. मातीच्या पांढऱ्या भिंती, वर गवताचं छप्पर. जवळच एन्तोतो मर्यमचं चर्च आहे, तिथे १८८९ साली त्याला सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. वाडा पाहून 'एवढाच?' असं कुणालाही वाटेल. मला मात्र तो आवडला. चार दिवसांनी उठून जायचंय हे माहीत असलेल्या माणसाने बांधलेलं घर कसं असतं, ते तिथे दिसतं. खाली पर्यटकांसाठी आता नवं एन्तोतो पार्क झालं आहे, घोडे आहेत, कॉफीची दुकानं आहेत. शनिवारी तिथे फार गर्दी असते.

डोंगराखाली पठारावर गरम पाण्याचे झरे होते. मेनेलिकची राणी ताइतू बेतुल तिथे स्नानाला उतरायची, सगळा दरबार मग महिनोन्महिने तिथेच मुक्काम करायचा. १८८६ साली मेनेलिक पूर्वेला हरारच्या मोहिमेवर गेला होता. मागे राणीने झऱ्यांजवळ घर बांधायला काढलं आणि जागेला नाव दिलं अदिस अबाबा, म्हणजे नवं फूल. राणीला संधिवात होता म्हणून ती खाली उतरली, असंही सांगतात. कारण काहीही असो, राजाने जागा किल्ल्यासाठी निवडली होती आणि राणीने पाण्यासाठी, आणि शेवटी शहर वसलं ते राणीच्या जागी. ते झरे आजही चालू आहेत. त्या जागेला फिलवोहा म्हणतात. तिकीट काढून आंघोळीची खोली मिळते, बाहेर बाकांवर टॉवेल घेऊन बसलेली माणसं नंबर लागायची वाट पाहत असतात. आपल्या वज्रेश्वरीला गेलेल्या माणसाला तिथे काही समजावून सांगावं लागणार नाही.

पण ते झरे राणीने शोधले नव्हते. ते ओरोमो लोकांच्या मालकीचे होते. जागेचं नाव फिनफिने. गुल्लेले, येका, गलान ही ओरोमोंची कुळं इथे गुरं चारत, शेती करत. झऱ्यांचं खनिजयुक्त पाणी गुरांना पाजायला दूरदूरहून लोक येत. मेनेलिकच्या सैन्याने हा मुलूख आपल्या टाचेखाली घेतला, सरदारांना जमिनी वाटल्या, आणि मूळची कुळं मजूर म्हणून राहिली किंवा बाहेर ढकलली गेली. त्यांची नावं मात्र शहराच्या नकाशावर आहेत. गुल्लेले हा आज अदिसचा एक उपविभाग आहे, येका हा दुसरा. नव्या नगरांच्या पोटात जुन्या गावांची नावं अशीच उरतात, माणसं उरत नाहीत. हे जुनं दुखणं आहे असं समजू नका. शहराची हद्द भोवतालच्या ओरोमिया प्रदेशात वाढवायचा आराखडा २०१४ मध्ये पुढे आला तेव्हा विद्यार्थी आणि शेतकरी रस्त्यावर उतरले. पुढच्या दोन वर्षांत शेकडो माणसं मारली गेली. जानेवारी २०१६ मध्ये सरकारने आराखडा मागे घेतला, तरी आंदोलन थांबलं नाही, आणि २०१८ मध्ये पंतप्रधान बदलले. आमच्या गाडीवाल्या मुलाची आई ओरोमो होती. मी नावाबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "आईशी बोलताना फिनफिने, बाकी सगळ्यांशी अदिस." आणि त्याने गिअर बदलला. मीही पुढे विचारलं नाही.

नवं गाव वसत होतं तेव्हाच देशावर काळ आला. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन सैन्याने मसावा बंदरात जनावरं उतरवली. त्यातली काही हिंदुस्थानातून आणलेली होती आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी आली, असं मानलं जातं. इथल्या गुरांना तो रोग नवा होता. देशातली नव्वद टक्के गुरं मेली असा अंदाज सांगतात. बैल नाहीत म्हणून नांगरट नाही, त्यात पाऊस नाही, टोळ, उंदीर. १८८८ ते १८९२ हा काळ इथिओपियाच्या आठवणीत दुष्ट दिवस म्हणून राहिला आहे. आपल्याकडच्या दुर्गादेवीच्या दुष्काळासारखा तो म्हणींतून आणि शिव्यांतून जगतो.

आणि यातून जेमतेम उठलेल्या देशाने १ मार्च १८९६ रोजी उत्तरेतल्या आद्वा गावाजवळ इटलीचा पराभव केला. करारातल्या एका कलमावरून इटली इथिओपियाला आपलं मांडलिक म्हणत होती, मेनेलिकने ते धुडकावलं होतं. सुमारे सतरा हजारांच्या इटालियन फौजेसमोर लाखभर माणसं होती, आणि त्यांच्यात स्वतःची फौज घेऊन ताइतू होती. आद्वाच्या आधी मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन तुकडी अडकून बसली होती. हल्ले करून किल्ला पडेना. तेव्हा किल्ल्याला पाणी पुरवणारा झरा ताब्यात घ्यायची योजना ताइतूने आखली, तिच्या माणसांनी झरा रोखला आणि किल्ला खाली झाला. या बाईला पाण्याचं मोल बरोबर कळत होतं. राजधानी कुठे वसवायची आणि शत्रू कुठून उठवायचा, दोन्ही तिने पाण्यावरूनच ठरवलं.

आद्वानंतर अदिसचा नूर पालटला. इटली, फ्रान्स, ब्रिटन, रशिया यांना आता इथे वकिलाती हव्या होत्या. मेनेलिकने त्यांना शहराच्या कडेला ऐसपैस जागा दिल्या. सरदारांनी आपापल्या टेकड्यांवर वाडे बांधले, वाड्याभोवती ज्याची त्याची माणसं. या वस्त्यांना आजही सेफेर म्हणतात, अमुक रासचा, म्हणजे सरदाराचा सेफेर, कामगारांचा सेफेर. सेफेर म्हणजे मुळात छावणीच. तंबूंच्या जागी घरं आली, पण मांडणी तीच राहिली. त्यामुळे या शहरात उच्चभ्रू वस्ती वेगळी आणि गरीब वस्ती वेगळी, असं फार काळ नव्हतं. वाडा आणि त्याला लागून मातीच्या खोल्या, असा शेजार होता. हिंदुस्थानी कारागीरही या काळात इथे होते. लाकडी सज्जांची, नक्षीच्या कठड्यांची जी जुनी घरं शिल्लक आहेत, त्यांतल्या कित्येकांना त्यांचा हात लागलेला आहे. बोहरा व्यापाऱ्यांची मोहम्मदअली ही पेढी तर शहरात इतकी मोठी होती की पुढे इटालियनांनी तिचा गाशा गुंडाळायला लावला.

इतकं सगळं झालं, तरी राजधानी हलणारच होती.

कारण पुन्हा तेच. सरपण. शतक संपता संपता भोवतालचे डोंगर बोडके झाले होते. लाकूड आणायला दिवसाची वाटचाल करावी लागे. मेनेलिकने पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर, रान असलेल्या जागी, नवी राजधानी काढली. नाव अदिस आलेम, म्हणजे नवं जग. वाडा बांधायला घेतला, रस्ता काढला. युरोपची ज्याने खोड मोडली तो सम्राट, ज्याच्या दारात चार महासत्तांचे वकील बसलेले, तो चुलीतल्या लाकडापुढे हात टेकून बाडबिस्तरा आवरत होता. परदेशी वकील मात्र कुरकुरायला लागले. त्यांनी दगडी इमारतींवर पैसा घातला होता, तो तंबूसारखा गुंडाळून नेता येत नव्हता.

मधल्या काळात एक झाड आलं होतं. १८९४-९५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातली निलगिरी अदिसमध्ये लावली गेली. मोंदों-विदाये नावाच्या फ्रेंच सल्लागाराला याचं श्रेय देतात. इथल्या उंचीवर आणि पावसात ती भराभर वाढली. चार-पाच वर्षांत तोडण्याजोगी झाली. तोडली तर खुंटाला पुन्हा धुमारे फुटत. गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणजे कुंपण नको, राखण नको. मेनेलिकने रोपं वाटली, लावणाऱ्यांना करात सूट दिली. लोकांनी परसात लावली, बांधावर लावली, विकायला लावली. बघता बघता शहर झाडांत बुडालं. अदिस आलेमचा वाडा मर्यमचं चर्च झाला आणि राजधानी जागच्या जागी राहिली.

आद्वाचं स्मारक शहराच्या मध्यभागी २०२४ मध्ये उभं राहिलं, भव्य आहे, पाहावं असं आहे. त्या लढाईचा अभिमान मला परक्या बाईलासुद्धा चढला. पण शहर टिकलं कशामुळे याचं स्मारक करायचं झालं तर ते एका झाडाचं आणि मोळीवाल्या बायकांचं करावं लागेल. तसं कोणी करत नाही. त्या बायकांना अजून वनरक्षक हटकतात, कारण जंगल सरकारी. मोळ्या वाहणं सोडलेल्या बायकांची एक संस्था आहे, ती शाली विणून विकते. मी एक घेतली.

निलगिरीला दुसरी बाजू आहे, ती नाकारून चालणार नाही. ती जमिनीतलं पाणी ओढते, खाली दुसरं काही फारसं उगवू देत नाही. जुने देशी वृक्ष, हबशी जुनिपर आणि कोसो, आता बहुतेक चर्चच्या आवारातच पाहायला मिळतात. देवराईत रान टिकावं तसंच ते. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणात निलगिरीची लागवड झाली, त्यावरून झालेले वाद माझ्या वयाच्या लोकांना आठवत असतील. मी तेव्हा निलगिरीच्या विरोधात हिरिरीने बोलत असे. एन्तोतोवर उभं राहून तसं बोलणं अवघड गेलं, इतकंच.

रेल्वे आली ती १९१७ मध्ये. जिबूतीच्या बंदरापासून फ्रेंचांनी ती आणली. मग परदेशी मालाला आणि परदेशी माणसांना वाट सापडली. ५ मे १९३६ रोजी इटालियन फौजा शहरात शिरल्या, आद्वाचा सूड घ्यायला चाळीस वर्षं लागली त्यांना. स्थानिकांचा बाजार त्यांनी जुन्या जागेवरून उठवून पश्चिमेला नेला. तोच आजचा अवाढव्य मेर्कातो, जिथे मसाल्यापासून मोटारीच्या सुट्या भागांपर्यंत सगळं मिळतं आणि जिथे भाच्याने मला पर्स पोटाशी धरून चालायला लावलं. मेनेलिकचा घोड्यावरचा पुतळा त्यांनी उतरवून पुरून टाकला होता. तो आता परत जॉर्जच्या चर्चसमोर उभा आहे.

१९ फेब्रुवारी १९३७ ला इटलीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्यावर बाँब फेकले गेले. फेकणारे दोघे तरुण होते, अब्रहा देबोच आणि मोगेस असगेदोम. ग्रात्सियानी वाचला. त्यानंतरचे तीन दिवस मुसोलिनीच्या फासिस्ट 'काळ्या डगलेवाल्यां'नी शहरात जे केलं, त्यात तीस हजार माणसं मेली असं इथिओपियाचं म्हणणं आहे. घरांना बाहेरून कड्या घालून पेटवून दिलं. घरं गवताची होती. सिदिस्त किलोच्या चौकात याचा उंच स्तंभ आहे, खालच्या बाजूला कोरीव दृश्यं आहेत. मी ती सगळी पाहू शकले नाही. जिथे बाँब फेकले तो महाल पुढे सम्राट हैले सेलासीने विद्यापीठाला दिला. तिथे अंगणात एक जिना आहे, कुठेच न जाणारा. इटालियनांनी बांधलेला, मुसोलिनीच्या सत्तेच्या प्रत्येक वर्षाची एक पायरी. शेवटच्या पायरीवर इथिओपियाच्या लोकांनी नंतर एक छोटा दगडी सिंह आणून बसवला आहे. जिना पाडला नाही, त्याच्या डोक्यावर सिंह बसवला. असा सूड मला फार आवडतो.

जेवणाचं सांगते. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवार उपास करतात, शिवाय मोठ्या उपासांचे कित्येक आठवडे. उपासाला मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. म्हणजे माझ्यासारखीची चंगळ. तेफ या बारीक धान्याच्या पिठाची, दोन-तीन दिवस आंबवलेली, वरून जाळी पडलेली ती इंजेरा, तिच्यावर मसूर, कोबी, बीट, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो असे रंगीत ढीग. सगळ्यांनी एकाच ताटात जेवायचं. तिथे घड्याळही सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. भाच्याच्या घरी कामाला येणारी बाई 'दोन वाजता येते' म्हणाली की ती आठला येणार. वर्षाचे महिने तेरा आणि सालही आपल्याहून सात-आठ वर्षं मागचं. मला ते सगळं फार सोयीचं वाटलं, वय कमी होत असेल तर कुणाला नको आहे.

शहर सध्या उखणून ठेवलेलं आहे. २०२४ पासून पियासा या जुन्या भागातल्या वस्त्या पाडून रुंद रस्ते, सायकलमार्ग, कारंजी, दिवे चालू आहे. दोरो मानेकिया ही जुनी वस्ती गेली. नावाचा अर्थ कोंबडीची मान मुरगाळायची जागा. असली अस्सल नावं सरकारी आराखड्यात टिकत नाहीत. माणसं शहराबाहेरच्या सदनिकांमध्ये गेली. रस्ते छान झाले आहेत, रात्री झगमगतात. वाडा आणि मातीच्या खोल्या यांचा जो शेजार शंभर वर्षं टिकला, तो मात्र आता मोडतो आहे. आणि पूर्वेला येकाच्या टेकड्यांवर, निलगिरीच्या रानात, सरकार नवा राजवाडा बांधतं आहे, त्याच्याभोवती नवं शहर. चाका प्रकल्प म्हणतात त्याला. राणीने ज्यांना पठारावर उतरवलं ते राज्यकर्ते पुन्हा डोंगर चढायला निघाले आहेत. मी हे भाच्याला म्हटलं, तर तो म्हणाला, "मावशी, हे ऑफिसात कुणासमोर बोलू नकोस."

मी छत्रपती संभाजीनगरची. म्हणजे त्या शहराची, जे मुळात एका हबशी माणसाने वसवलं. मलिक अंबर १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मला, चापू हे त्याचं लहानपणीचं नाव. गुलाम म्हणून येमेनच्या मोखा बंदरात विकला गेला, तिथून बगदाद, तिथून दख्खन. अहमदनगरच्या निजामशाहीत शिपायाचा वजीर झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षं दख्खनेत झुलवलं. मालोजी आणि शहाजी राजे ज्या निजामशाहीत वाढले, तिचा अखेरचा खरा कर्ता हाच. १६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानी म्हणून वसवायला घेतलं, आणि कोरड्या मुलखात शहर वसवायचं तर आधी काय लागतं हे त्याला ठाऊक होतं. डोंगरातलं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी गावात आणलं, ती नहर-ए-अंबरी. १६२६ मध्ये तो वारला. खुलताबादला त्याची कबर आहे. गोंदरचे दगडी वाडे उभे राहायला त्यानंतर आणखी दहा वर्षं लागली. म्हणजे तो ज्या देशातून उचलला गेला, तिथले राजे त्याच्या उभ्या हयातीत फिरतीवर होते, आणि इकडे दख्खनमध्ये तो नळ टाकून राजधानी बसवत होता.

हे मी एका संध्याकाळी कॉफीच्या दुकानात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सांगत होते. सत्तरीचे असतील. मी भारतीय आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून ओळख काढली. हैले सेलासीच्या काळात त्यांना शाळेत गणित शिकवायला भारतीय मास्तर होते. तशी पिढीच आहे तिथे. मास्तर छडी मारत, पण बेरीज पक्की झाली, असं ते कौतुकाने सांगत होते. मलिक अंबर त्यांना माहीत नव्हता. मी फोनवर त्याचं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते बराच वेळ पाहिलं, मग नाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "आमचाच आहे." दुकानदार मुलीलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, पांढरं वस्त्र आमच्यासारखंच आहे. दुकानाच्या कोपऱ्यात पिवळे कॅन रांगेने भरून ठेवले होते आणि मागच्या दारात प्लास्टिकची मोठी टाकी. शहरात पाणी वाराने येतं, कोणत्या भागाला कोणते दिवस ते ठरलेलं.

"त्याचे ते नळ अजून चालू आहेत का?" गृहस्थांनी विचारलं.

थोडे अजून झिरपतात, म्हटलं. बरेचसे रस्त्यांखाली आणि घरांखाली गेले.

"मग आता शहराला पाणी कुठून येतं?"

जायकवाडी धरणातून, पन्नासेक किलोमीटरवरून, म्हटलं, आणि रोज येत नाही. पाणी यायचं त्या दिवशी लोक कामावर उशिरा जातात.

ते हसायला लागले. दुकानदार मुलीला अमहारिकमध्ये काहीतरी सांगितलं, तीही हसली. मग त्यांनी मला विचारलं की तुमच्याकडे टाकी किती लिटरची आहे, आणि आम्ही दोघं पुढचा अर्धा तास टाक्या, मोटर आणि टँकरचे भाव यांवर बोलत बसलो.